एंजिन अतितापन, थांबलेल्या मोटारगाडीचे

मोटारगाडी मोकळ्या रस्त्यावर धावत असताना एंजिनाचे तापमान योग्य राहते. मात्र ती वाहतुकीच्या खोळंब्यात किंवा बाजारपेठेत उभी राहिली की तापमापकाचा काटा वर चढू लागतो आणि गाडी पुन्हा चालू लागल्यावर खाली येतो. एंजिनाच्या शीतन व्यवस्थेतील या विशिष्ट दोषाला थांबलेल्या गाडीचे अतितापन म्हणता येईल. एंजिन तापण्याची कारणे पुष्कळ आहेत. तथापि या प्रकारात दोषाचे स्थान बरेचसे लक्षणातच सांगितलेले असते. धावती गाडी व उभी गाडी यांच्या शीतनात मुख्य फरक एकच असतो आणि तो म्हणजे रेडिएटरमधून जाणाऱ्या हवेचा. म्हणून पाणी, थर्मोस्टॅट व गॅस्केट यांच्याकडे वळण्यापूर्वी हवेचा मार्ग व पंखा तपासणे हा निदानाचा पहिला नियम होय. व्यवहारात नेमके उलट घडते. पाणी बदलले जाते, थर्मोस्टॅट काढून टाकला जातो, क्वचित हेडही उतरवले जाते आणि पंख्याचा जळालेला फ्यूज तसाच राहतो.

शीतनाचे तत्त्व : सिलिंडरात इंधन जळताना वायूंचे तापमान क्षणभर २,०००° से.च्याही वर जाते. दट्ट्या ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा करतात त्यातील अ‍ॅल्युमिनियम ६६०° से.ला वितळते व वंगणतेलाचा पातळ थर त्याच्या कितीतरी आधी नष्ट होतो. इंधनातील ऊर्जेचा स्थूलमानाने एक तृतीयांश किंवा त्याहून कमी भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो, तितकाच भाग निष्कास वायूंबरोबर जातो व उरलेला मुख्यतः सिलिंडराभोवतीच्या पाण्याला मिळतो. पंप हे पाणी रेडिएटरच्या चपट्या नळ्यांतून फिरवितो आणि नळ्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांवरून जाणारी हवा त्यातील उष्णता घेऊन जाते. रेडिएटर या नावावरून उष्णता प्रारणाने बाहेर पडत असावी असा समज होतो, परंतु प्रारणाचा वाटा येथे अल्प असतो. जवळजवळ सर्व काम वाहत्या हवेचे असते आणि हवा वाहिली नाही तर रेडिएटर म्हणजे गरम पाण्याची एक टाकी उरते.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून वाफ होऊ देणे हीच शीतनाची पद्धत होती व त्यामुळे वाटेत वरचेवर पाणी घालावे लागे. व्हिल्हेल्म मायबाख यांनी १९००–०१ च्या सुमारास मर्सिडीझ गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला, तेव्हापासून थोड्या पाण्यात मोठे एंजिन थंड ठेवणे शक्य झाले. आजचे सर्व रेडिएटर त्याच कल्पनेचे वंशज आहेत.

हवा किती लागते हे साध्या हिशेबाने समजते. एक लिटर पाण्याचे तापमान १° से.ने उतरताना जितकी उष्णता बाहेर पडते तितकी शोषून १° से.नेच तापण्यासाठी सु. ३,५०० लिटर हवा लागते. ताशी ५०–६० किमी. वेगाने जाणाऱ्या गाडीच्या जाळीवर ही हवा आपोआप आदळते आणि पंख्याची बहुधा गरजच पडत नाही. गाडी थांबताच हा पुरवठा एकदम शून्यावर येतो व सारा भार पंख्यावर पडतो. उभ्या गाडीचे एंजिन मंद गतीने फिरत असल्याने ते उष्णताही थोडीच निर्माण करते. म्हणजे निरोगी पंख्याला हे काम जड नसते. तेव्हा उभी गाडी तापते याचा अर्थ एवढीशी उष्णताही बाहेर जात नाही, असा घ्यावयाचा.

मराठवाड्यातील परिस्थिती : कारखान्याने ठरविलेली शीतनाची क्षमता सर्व प्रदेशांत सारखीच पुरते असे नाही. निलंगा (जि. लातूर) हा बालाघाटच्या पठारी प्रदेशातील कर्नाटकाच्या सीमेलगतचा तालुका उदाहरणादाखल घेता येईल. उन्हाळ्यात येथील हवेचे तापमान ४०° से.च्या वर जाते. रेडिएटरमधील पाणी ९०° से.ला व बाहेरील हवा २०° से.ला असेल, तर उष्णता वाहण्यास ७० अंशांचा फरक उपलब्ध असतो. हवा ४२° से.ला गेली की तो ४८ अंश उरतो. वातानुकूलन चालू असेल, तर त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसविलेला असल्याने रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. डांबरी रस्त्याचा ताव व पुढच्या मालमोटारीचा धूर यांची त्यात भर पडून ती हवा ५५° से.ला पोहोचली, तर फरक ३५ अंशांवर येतो, म्हणजेच रेडिएटरची शक्ती निम्मी होते. हिवाळ्यात ज्या पंख्याचा दोष कळतही नाही, तो वैशाखात भर चौकात उघडा पडतो, याचे कारण हे आहे.

पठाराची समुद्रसपाटीपासूनची उंची सु. ६०० मी. असल्याने उघड्या भांड्यातील पाणी १०० ऐवजी सु. ९८° से.ला उकळते. रेडिएटरच्या दाबयुक्त टोपणाने ही उणीव भरून निघते. टोपण वातावरणापेक्षा ०·९ किग्रॅ./चौ. सेंमी. अधिक दाब राखीत असेल, तर येथेही पाणी सु. ११७° से.पर्यंत उकळत नाही. टोपणाची स्प्रिंग सैल झाली किंवा त्याचे रबर चिरले की सुमारे वीस अंशांचे हे संरक्षण जाते आणि काटा फारसा वर न चढताही पाणी उसळून बाहेर येते.

या भागातील आणखी एक गोष्ट शहरी पुस्तकांत सहसा आढळत नाही. सोयाबीन व तूर यांची मळणी करताना ट्रॅक्टर शेतात एका जागी उभा राहून तासन्‌तास मळणी यंत्र चालवितो. उभ्या एंजिनाच्या अतितापनाचे याहून शुद्ध उदाहरण मिळणे कठीण, कारण येथे भार पुष्कळ, वेग शून्य आणि हवेत भुसकट असते. अर्ध्या दिवसात रेडिएटरची जाळी भुशाने बुजते. मळणीच्या दिवसांत खळ्यांजवळून जाणाऱ्या आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून रेंगाळणाऱ्या जीपगाड्यांचीही तीच स्थिती होते. त्यांच्या बाबतीत कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधील अरुंद फटीत पाचटाचे तुकडे, धूळ व किडे यांचा नमद्यासारखा थर साचतो. तो समोरून दिसत नाही आणि त्यामुळे जाळी स्वच्छ आहे असे प्रामाणिकपणे सांगितले जाते. ही जाळी थंड असताना एंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, मंद धारेच्या पाण्याने धुवावी. जोराच्या धारेने पातळ पत्रे वाकतात व मार्ग कायमचा बंद होतो.

पंख्याचे प्रकार : निदान कोणत्या वाटेने जावे हे पंख्याच्या प्रकारावर अवलंबून असते. कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आणि २०१४ पर्यंत निघणारी अँबॅसॅडर या गाड्यांत पंखा व पाण्याचा पंप एकाच पट्ट्याने एंजिनाला जोडलेले असत. एंजिन मंद फिरले की पंखाही मंद होई, म्हणजे ज्या वेळी त्याची सर्वांत अधिक गरज त्याच वेळी तो दुबळा पडे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या २०२३ पर्यंत रस्त्यावर होत्या. सिग्नलला गाडी उभी असताना तिच्या चालकाने मधूनमधून प्रवेगक दाबून एंजिन घुमविण्याची सवय ही केवळ उतावीळ नव्हती, तिच्यामागे हे कारण होते.

पुष्कळशा डीझेल जीपा व मालमोटारी यांत पंखा व त्याचा आस यांच्यामध्ये सिलिकोन तेलाने भरलेला व्हिस्कस क्लच असतो. रेडिएटरमागची हवा गरम झाली की त्यातील द्विधातूची पट्टी वाकते, तेल मधल्या पोकळीत शिरते व पंखा आसाबरोबर जोराने फिरू लागतो. तेल गळून गेल्यास पंखा फिरताना दिसतो, पण हवा ओढीत नाही. हा दोष डोळ्यांना फसविणारा आहे.

१९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये एंजिन आडवे बसविलेले होते व पंखा विजेवर चालणारा होता. त्यानंतरच्या बहुतेक लहान गाड्यांत हीच योजना आहे. पाणी साधारणपणे ९२° ते ९८° से.च्या दरम्यान पोहोचल्यावर पंखा सुरू होतो आणि काही अंश खाली आल्यावर बंद पडतो. एंजिन मंद असले तरी पंखा पूर्ण वेगाने फिरतो, हा या व्यवस्थेचा मोठा लाभ होय. परंतु मोटर, फ्यूज, रिले, संवेदक व तारा यांपैकी एकही दुवा तुटला की पंखा नाहीसा झाल्यासारखाच होतो आणि धावत्या गाडीत त्याचा पत्ता लागत नाही.

निदानाची रीत : प्रारंभ थंड गाडीपासून करावा. सकाळी, एंजिन पूर्ण थंड असताना टोपण उघडून पाण्याची पातळी पाहावी. पातळी कमी असेल, तर पुढील सर्व परीक्षा व्यर्थ आहेत. प्रथम गळती शोधली पाहिजे. पाणी फार कमी झाल्यास संवेदक पाण्याऐवजी वाफेत राहतो व एंजिन करपत असतानाही काटा खाली दिसू शकतो, हे लक्षात ठेवावे. नंतर जाळी व पट्टा पाहावा. दोन चाकांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारणपणे १ ते १·५ सेंमी. दबावा. त्याहून अधिक दबणारा व आतून चकाकणारा पट्टा घसरत असतो.

यानंतर वातानुकूलन बंद ठेवून गाडी उभ्या जागी चालू करावी व तापमापकावर लक्ष ठेवावे. रेडिएटरची वरची नळी काही वेळ कोमट राहून मग एकाएकी तापते. थर्मोस्टॅट उघडला याची ती खूण आहे. काटा नेहमीच्या जागेच्या थोडा वर जाईल, पंखा सुरू होईल, काटा उतरेल, पंखा थांबेल आणि हे चक्र पुनःपुन्हा घडत राहील. असे होत असल्यास व्यवस्था निरोगी आहे. वेगाने आलेली किंवा घाट चढून आलेली गाडी एकदम थांबल्यावर धातूत साठलेली उष्णता पाण्यात येते व काटा मिनिटभर चढतो. तोही दोष नव्हे.

काटा चढत गेला आणि विजेचा पंखा फिरलाच नाही, तर वातानुकूलन चालू करून पाहावे. बहुतेक गाड्यांत त्याबरोबर पंखा स्वतंत्रपणे सुरू होतो. तो फिरला, तर मोटर व तिच्या तारा चांगल्या असून दोष संवेदकात किंवा त्याच्या जोडणीत आहे असे समजावे. तो तरीही फिरला नाही, तर फ्यूज व रिले तपासावेत आणि शेवटी बॅटरीपासून थेट तार जोडून मोटरच चालते का ते पाहावे. हलकेच ठोकल्यावर मोटर फिरू लागली, तर तिचे कार्बन ब्रश झिजलेले असतात व तिचे आयुष्य संपत आलेले असते. या सर्व खटपटीत एक धोका आहे. चावी काढलेली असतानाही विजेचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात पात्यांपासून दूर ठेवावा किंवा बॅटरीची तार सोडवावी. काही गाड्यांत संवेदकाची तार तुटल्यास पंखा सतत फिरत राहावा अशी योजना असते. अखंड फिरणारा पंखा हे म्हणूनच बिघाडाचेही चिन्ह असू शकते.

पंखा फिरतो व तरीही काटा चढतो, हा अधिक अवघड प्रकार होय. अशा वेळी जाळीसमोर कागदाचा ताव धरावा. तो जाळीकडे ओढला जाऊन चिकटला पाहिजे. कागद ढिला राहिला, तर जाळी बुजलेली आहे, पंखा मंद आहे किंवा पंख्याभोवतीचे आवरण नाहीसे झाले आहे. हे आवरण प्लॅस्टिकचे असून किरकोळ अपघातानंतर ते बसविण्याचा कंटाळा केला जातो. त्याच्या अभावी पंखा एंजिनाकडील गरम हवाच फिरवीत बसतो. कागद उलट दिशेने उडाला, तर मोटर बदलताना तिच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत हे निश्चित. व्हिस्कस क्लचची परीक्षा एंजिन तापवून बंद केल्यावर करतात. पंखा हाताने फिरविल्यास अडखळत फिरावा. तो भिंगरीसारखा मोकळा फिरला, तर क्लच निकामी आहे.

हवा पुरेशी असल्याची खात्री झाल्यावरच पाण्याकडे वळावे. विजेचा पंखा असलेल्या गाडीत उभ्या स्थितीत एंजिनाचे फेरे मिनिटाला १,५०० ते २,०००पर्यंत वाढवावेत. पंख्याचा वेग यामुळे बदलत नाही, पंपाचा मात्र वाढतो. फेरे वाढविल्यावर काटा उतरत असेल, तर पंपाची पाती झिजली आहेत किंवा पाण्यात हवा अडकली आहे असा तर्क करता येतो. पट्ट्याचा पंखा असलेल्या गाडीत ही परीक्षा उपयोगाची नाही, कारण तेथे पंखा व पंप दोन्ही एकदम वेग घेतात. याउलट गाडी उभी असताना ठीक राहून मोकळ्या रस्त्यावर किंवा चढावर तापत असेल, तर विचाराची दिशाच बदलते. अशा वेळी रेडिएटरच्या नळ्या आतून बुजणे, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणे किंवा खालची नळी आत ओढली जाऊन चपटी होणे ही कारणे संभवतात. थंड एंजिन चालू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, वरची नळी लगेच टणक होणे व निष्कासातून पांढरी वाफ निघणे ही हेड गॅस्केट फुटल्याची लक्षणे आहेत. मग गाडी उभी की धावती हा प्रश्न उरत नाही.

कार्बुरेटर असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांत आणखी एक घोटाळा होतो. उभ्या गाडीत एंजिनालगतच्या पंपातील पेट्रोलाची वाफ होऊन पुरवठा तुटतो. एंजिन बंद पडते व पुन्हा लागत नाही. हा बाष्परोध होय, अतितापन नव्हे. पाण्याचे तापमान अशा वेळी योग्यही असू शकते. पद्मिनी व अँबॅसॅडर यांच्या चालकांनी पेट्रोलपंपावर ओले फडके ठेवण्याचा उपाय शोधून काढला होता व तो शास्त्राला धरून होता.

पाण्याचा प्रश्न : मराठवाड्यात विंधण विहिरीचे, म्हणजे बोअरचे, पाणी रेडिएटरमध्ये सर्रास ओतले जाते. खडकातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. तापल्यावर त्यांचा थर नळ्यांच्या आतील बाजूस बसतो. घरातील पाणी तापविण्याच्या भांड्यात बसणारे पांढरे कीट ते हेच. त्याची उष्णतावाहकता अ‍ॅल्युमिनियमच्या शंभराव्या भागाच्या आसपास असल्याने कागदाइतका थरही जाणवतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागलेल्या लातूर जिल्ह्यात रेडिएटरसाठी शुद्ध पाणी मागणे चैनीचे वाटेल. परंतु बॅटरीत घालावयाचे डिस्टिल्ड वॉटर पाच-सहा लिटर पुरते आणि गळती नसेल, तर ते वर्षानुवर्षे बदलावे लागत नाही. त्यात उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट मिसळणे इष्ट. बर्फ न पडणाऱ्या प्रदेशात कूलंट निरुपयोगी असल्याचा समज चुकीचा आहे. निम्मे एथिलीन ग्लायकॉल असलेल्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू पाण्याहून सात-आठ अंशांनी अधिक असतो आणि त्यातील गंजरोधक द्रव्ये पंप व अ‍ॅल्युमिनियमचे हेड यांचे रक्षण करतात.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा लहानमोठ्या सर्वच गावांतील गॅरेजांत आढळते. त्यामुळे एंजिन बराच काळ थंड राहून इंधन अधिक जळते व सिलिंडर झिजतात. शिवाय पुष्कळ एंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटर टाळून जाणारा आडमार्ग बंद करतो. तो काढला की पाणी त्या आडमार्गानेच परत फिरते आणि एंजिन पूर्वीपेक्षा अधिक तापते. उभ्या गाडीच्या अतितापनावर हा उपाय तर मुळीच लागू पडत नाही, कारण धावताना गाडी थंड राहते यावरूनच थर्मोस्टॅट उघडत असल्याचे सिद्ध झालेले असते.

वाटेतील उपाय : खोळंब्यात काटा चढू लागल्यास प्रथम वातानुकूलन बंद करावे. गाडीत उष्णक असल्यास तो पूर्ण उघडून त्याचा पंखा चालू करावा. तो एक लहानसा दुसरा रेडिएटरच आहे. मे महिन्यात हे असह्य वाटते, तरी काचा खाली करून काही मिनिटे सोसावे. गियर न्यूट्रलमध्ये ठेवून फेरे थोडे वाढवावेत. मिनिट-दोन मिनिटांत काटा उतरला नाही किंवा वाफ दिसली, तर गाडी कडेला घेऊन एंजिन बंद करावे. निलंग्याहून लातूरकडे रुग्ण घेऊन निघालेल्या जीपचा चालक अशा वेळी तसाच पुढे जाण्याचा विचार करील हे समजण्यासारखे आहे. पण कोरड्या पडलेल्या एंजिनाचे हेड काही मिनिटांत वाकते व गाडी कोठेच पोहोचत नाही. दुसरे वाहन थांबविणे हाच तेथे जलद मार्ग असतो.

टोपण गरम असताना कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली ११०° से.च्या आसपास असते. दाब सुटताच त्याचा काही भाग तत्क्षणी वाफ होतो व बाकीचे उकळते पाणी उघडणाऱ्याच्या तोंडावर व हातांवर उडते. वरची नळी हातात सहज धरता येईपर्यंत, निदान अर्धा तास, थांबावे. नंतर जाड फडके धरून टोपण प्रथम पहिल्या खाचेपर्यंतच सैल करावे व दाब जाऊ द्यावा. तापलेल्या व रिकाम्या एंजिनात थंड पाणी एकदम ओतल्यास हेड किंवा ठोकळा तडकतो. एंजिन निवल्यावर ते चालू करून पाणी थोडेथोडे घालावे. अशा प्रसंगी बोअरचे पाणीही वर्ज्य नाही, मात्र घरी पोहोचल्यावर ते काढून टाकावे.

दुरुस्ती झाल्यानंतर गॅरेजातून गाडी रस्त्यावर फिरवून पाहण्याची पद्धत या दोषाच्या बाबतीत निरुपयोगी आहे, कारण धावताना ती आधीही तापत नव्हती. गाडी भर दुपारी, वातानुकूलन चालू ठेवून, अर्धा तास एका जागी उभी करावी. बऱ्याच गाड्यांत वातानुकूलनाबरोबर पंखा सतत फिरतो. तेव्हा काटा एका जागी स्थिर राहतो की नाही तेवढे पाहावे आणि मग वातानुकूलन बंद करून पंखा स्वतःहून किमान दोन-तीन वेळा सुरू व बंद होईपर्यंत गाडी तशीच चालू ठेवावी.